जुन्या साड्या, जीन्स, टी-शर्टमधून बटवे, बांगड्या, स्लिंग बॅग: कात्री लावायच्या आधी खिडकीजवळ जा

पहिले एक काम करा, ज्या साडीवर किंवा कुर्त्यावर कात्री चालवायची आहे ती घेऊन दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ जा आणि दोन्ही हातांनी पसरून धरा. जिथून उजेड चाळणीसारखा आरपार येतो तिथलं कापड गेलेलं आहे, रंग कितीही सुंदर असो त्याचं काही शिवायचं नाही. जिथे उजेड अडतो तिथे दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून झटका द्या, एकदा उभा एकदा आडवा. चर्र आवाज आला की तो भाग बाजूला. हे दोन मिनिटांचं काम आहे पण जवळपास कोणीच करत नाही, सगळे डायरेक्ट डिझाईन पाहून कापायला बसतात आणि मग म्हणतात जुन्या कापडाच्या वस्तू टिकत नाहीत. टिकतात. माझ्याकडे आईच्या पातळाचा बटवा आहे, रोज वापरून राहिली, अजून एक टाका निघाला नाही.

मला हे कळलं ते नुकसान झाल्यावरच. आईची एक सिल्कची साडी होती, मोरपंखी, वर्षानुवर्षं ट्रंकेत एकाच घडीवर ठेवलेली. मावसबहिणीच्या लग्नासाठी तिच्यातून क्लच शिवला, मन लावून शिवला, अस्तर लावलं, मोती लावले, आणि आठ दिवसांत तो बरोबर मधोमध उकलला. शिवण उसवली नाही, कापडच तुटलं, जिथे घडीची रेघ होती तिथूनच. सिल्क एकाच घडीवर राहिलं की त्या रेघेवरचे धागे मोडतात, वरून दिसत नाही. तेव्हापासून सिल्क असेल तर मी घड्या उघडून प्रत्येक रेघेवर खडू मारते आणि तुकडा दोन रेघांच्या मधूनच काढते. आणि ज्या सिल्कच्या साड्या अजून नेसायच्या आहेत त्यांच्या घड्या तीन-चार महिन्यांनी बदलत राहा न, एवढं तर होतेच आपल्याच्याने.

आता कोणत्या कपड्यात जीव कुठे उरतो ते सांगते, कारण वस्तू त्यावरून ठरवायची, उलटं नाही. साडीत निऱ्यांचा खालचा भाग आणि बसायच्या जागेचं कापड आधी विरते. पदर बरा असतो. पण सगळ्यात दमदार असते ते आत खोचलेलं टोक, पहिला फेरा, ज्याला ऊनच लागत नाही, साडी नवी असताना रंग कसा होता ते तिथेच दिसते. फक्त नाड्याच्या जागची वरची चार बोटं सोडा, तिथे घामाने आणि ओढून ओढून कापड कमजोर झालेलं असते. कुर्त्याची काख आणि गळा जातो, खालचा घेर छान राहतो. शर्टाची कॉलर आणि कोपर जातात, पाठ मस्त राहते, आणि समोरची बटनपट्टी तर तयार मालच आहे, त्यावर पुढे येते. जीन्स मांड्यांमध्ये आणि गुडघ्यावर मरते, पण मागचे खिसे, पोटरीचा भाग आणि आतल्या बाजूची लांब शिलाई, हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगणारं आहे.

कापड काय आहे ते ओळखू येत नसेल तर काठावरून दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि बेसिनजवळ उभं राहून काडी लावा. सुती कागदासारखं जळते आणि भुरकट राख होते. सिल्कला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. हे माहीत असणं कामाचं आहे कारण सुतीवर प्रेस कडक चालते, पॉलिस्टरवर चालवली की चिकटते. आणि पॉलिस्टरच्या कडा मेणबत्तीजवळ नेऊन नुसत्या सील करता येतात, सुतीच्या नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. साडी चांगली धड असेल तर कापू नका. खास करून करवती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही आपल्या नागपूर-भंडारा भागातली साडी, अंग टसर सिल्कचं आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवत काठी. हातमागावर काठाचा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) वेगळा आणि अंगाचा वेगळा चालतो. ते दात एकेक करून बसवलेले असतात. अशी साडी नेसा, कोणाला नेसायला द्या. अंगच जागोजागी विरलं असेल आणि काठ शाबूत असेल तरच हात लावा, आणि तेव्हाही काठ एकदम कडेवरून कापू नका, काठासोबत अंगाचं एक इंच कापड राहू द्या, कारण काठ आणि अंगाच्या सांध्यावरूनच धागे सुटायला लागतात, ते दात मोकळे झाले की परत बसवता येत नाहीत. मागून सुती अस्तराची पट्टी लावून मगच त्याचं काही करा. मी आईच्या अशा काठाचा कमरपट्टा केला आहे, साधा, मागे दोन हूक, प्लेन कुर्त्यावर बांधते.

सामान फार लागत नाही. धारदार कात्री जी फक्त कापडालाच वापरायची (घरात सगळ्यांना बजावून ठेवा), टाचण्या, खडू, टेप, दोरा, सुया, बक्रम (कापडाला कडकपणा देणारं जाड अस्तर), मीटरवर मिळणारी चेन आणि तिचे रनर, इलास्टिक, टिचबटनं. नागपुरात असाल तर इतवारी-गांधीबागेत होलसेलच्या भावाने लेस, बटनं, अस्तर सगळं मिळते, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) पण मिळते पण चार वस्तूंसाठी इतवारीचा फेरा परवडतो, फक्त उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, पारा ४५ च्या वर गेला की त्या गल्ल्यांमध्ये उभं राहवत नाही. आणि अस्तर विकत घेण्याआधी घरच्या जुन्या चादरी, उशांचे अभ्रे पाहा. आमच्याकडे आजोबांच्या वेळचे नागपूरच्याच एम्प्रेस मिलच्या कापडाचे दोन अभ्रे होते, ती मिल १८७७ मध्ये सुरू झालेली, आता तिथे मॉल उभा आहे, पण कापड काय होतं बापा! धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालं आणि खिडकीजवळ धरलं तर तरी घट्ट. माझ्या पहिल्या चार बटव्यांना तेच अस्तर आहे.

कापायच्या आधी सगळं धुऊन, वाळवून, प्रेस करून घ्या. नवीन अस्तर असेल तर ते पण धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटते आणि बाहेरचं कापड फुगते.

बटवा

सुरुवात बटव्यापासून करा, कारण यात चेन नाही आणि चूक झाली तरी चुण्यांमध्ये लपते. साडीच्या खोचलेल्या टोकातून ९ इंच रुंद आणि ११ इंच लांब असे दोन तुकडे, अस्तराचे पण तेवढेच दोन. काठ असेल तर तो आडवा खालच्या बाजूला येईल असं मांडा, खूप उठून दिसतो. बाहेरच्या दोन तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवा आणि तीन बाजूंनी अर्धा इंच दाब (कडेपासून सोडलेली जागा) ठेवून शिवा. आता नीट लक्ष द्या, इथेच लोक चुकतात: दोन्ही बाजूंच्या शिलाईत, वरच्या कडेपासून अडीच इंच खाली आले की थांबायचं, अर्धा इंच जागा उघडी सोडायची आणि मग पुढे शिवायचं. त्या उघड्या जागेतून नंतर दोरी जाणार. सुरू करताना आणि थांबताना उलटी टीप मारा, नाहीतर दोरी ओढून ओढून तिथलं उसवते.

अस्तर पण तसंच शिवा, त्यात दोरीची जागा सोडायची नाही पण तळाला मधोमध तीन इंच उघडं ठेवायचं. मग चारही कोपरे, दोन बाहेरचे दोन अस्तराचे, चिमटीत धरून असे चपटे करा की बाजूची शिलाई आणि तळाची शिलाई एकावर एक येईल, टोकापासून एक इंच आत आडवी टीप मारा आणि वरचं टोक कापून टाका. याने बटव्याला बूड येते, टेबलावर उभा राहतो. कोपरे केले नाही तर पाकिटासारखा लोळतो.

आता बाहेरचा भाग सुलट करा, अस्तर उलटंच ठेवा, आणि बाहेरच्याला अस्तराच्या आत घाला म्हणजे सुलट बाजू एकमेकींना लागतील. तोंडावर गोल अर्ध्या इंचावर टीप. तळाच्या त्या तीन इंचातून सगळं बाहेर ओढा, पहिल्यांदा करताना वाटते आता झालं सगळं खराब, पण ओढत राहा, बरोबर बटवा होऊनच बाहेर येतो. तळ हाताने बंद करा, तोंड प्रेस करा. मग तयार कडेपासून दोन इंचावर एक आणि अडीच इंचावर एक अशा दोन टिपा गोल मारा, बाजूच्या उघड्या जागा बरोबर या दोन टिपांच्या मध्ये येतात. २८ इंचाच्या दोन दोऱ्या घ्या, एक डावीकडून घालून पूर्ण फेरा मारून डावीकडूनच काढा, दुसरी उजवीकडून उजवीकडे, आणि टोकांना गाठ. दोन्हीकडून ओढलं की तोंड मिटते.

दोरी पण त्याच साडीची करा. दीड इंचाच्या पट्ट्या फाडा, कापू नका, सुती साडी कडेला छोटासा चीर देऊन फाडली की धाग्यावरून सरळ फाटते. तीन पट्ट्यांची वेणी घाला. टोकाला गोंडा लावायचा असेल तर चार बोटांवर दोरा चाळीस-पन्नास वेळा गुंडाळा, वरून बांधा, खालून कापा, मानेवर जरीचा धागा गुंडाळा. जुन्या पैंजणातली सुटी घुंगरं असतील तर लावा न, चालताना छान वाजतात.

मागच्या संक्रांतीला मी वाणासाठी २१ बटवे केले, चार साड्यांमधून. आमच्या काकू तेव्हा म्हणाल्या, "अगं कात्री काय लावून राहिली, भांडेवालीला दे न, एक गंज तरी येईन." (गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं.) हळदीकुंकवाला त्यांनाच पहिला बटवा दिला, हिरवा, त्यांच्याच साडीचा. त्यांनी काठ हातात धरून ओळखली. "ही मी तुझ्या बारशाला नेसली होती," म्हणाल्या आणि बराच वेळ तो बटवा मांडीवरच ठेवला.

जीन्सच्या खिशाची मोबाईल स्लिंग

मागचा खिसा त्याच्या मागच्या कापडासकट कापा, चारही बाजूंनी दीड इंच जास्त ठेवून. फोन आधी आत टाकून पाहा, आजकालचे फोन लांब आहेत, वरून डोकावत असेल तर मागचं कापड वर तीन-चार इंच लांब ठेवा म्हणजे तेच पुढे वळून झाकण होते. चारही कडा आत दुमडून शिवा, झाकणाला टिचबटन लावा.

पट्ट्यासाठी लोक जीन्सचं कापड चार पदरी दुमडतात आणि सुया मोडतात. त्याची गरजच नाही! पायाच्या आतल्या बाजूने जी लांब शिलाई जाते, जिच्यावर दोन समांतर टिपा दिसतात, ती कंपनीनेच अनेक पदर दुमडून शिवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी अगदी लगत कापा, अर्धा-पाऊण इंचाची पट्टी निघते, ती ओढूनही तुटत नाही. दोन पायांच्या दोन पट्ट्या जोडल्या की खांद्यावरून तिरपी घालायला पुरते. जोडाच्या जागी जुन्या बेल्टचं कडं घाला, जोड दिसतच नाही, उलट डिझाईन वाटते. कडेचे धागे थोडे निघतात, दोनदा धुवा आणि लोंबणारे कापा, पुढे शिलाई त्यांना अडवते.

मशीनवर जीन्स शिवायची तर १६ नंबरची सुई लावा, टाका लांब ठेवा आणि जिथे जाड पदर एकत्र येतात तिथे आधी खलबत्त्याच्या दांड्याने किंवा हातोडीने ठोकून चपटं करा. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या टेलरकाकांनी शिकवलं हे. माझं मशीन धागा तोडत होतं म्हणून मी ते दुरुस्तीलाच न्यायला निघाली होती, काका म्हणाले, "ताई, मशीनला काही झालं नाही, सुई बदला. ब्लाउजच्या सुईने जीन्स शिवून राहिल्या तुम्ही." आणि जाड पदरावर पायडल मारू नका, चाक हाताने फिरवून तेवढे चार टाके काढा.

कापडी बांगड्या

घरात फिक्या पडलेल्या प्लास्टिकच्या रुंद बांगड्या असतातच. पॉलिश पेपरने वरची चमक घासून काढा, नाहीतर फेविकॉल धरत नाही. कापडाची सव्वा इंचाची पट्टी तिरपी कापा, म्हणजे सरळ धाग्यावर नाही तर कोपऱ्यातून कोपऱ्यात. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या पाडते, तिरपी ताणली जाते आणि बसते. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून ब्रशने पातळ लावा आणि पट्टी गुंडाळत जा, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवून. शेवट आतल्या बाजूलाच आणा. सुकवायच्या सावलीत, दोरीवर टांगून, उन्हात ठेवल्या की कापड आक्रसते आणि आतून प्लास्टिक दिसायला लागते. सुकल्यावर वरून बारीक जरीची लेस किंवा जुन्या ब्लाउजच्या बाहीची किनार. चार रंगांच्या चार घाला, खादीच्या कुर्त्यावर फार सुंदर दिसतात. पाणी लागू देऊ नका, बस.

टी-शर्टची जाडी वेणी

यात शिवण नाही म्हणून मुलांना सोबत बसवा. साधा, प्रिंट नसलेला, सुती होजिअरीचा टी-शर्ट घ्या, बाजूला शिलाई नसलेला मिळाला तर अजून छान. काखेखालून आडवा कापा, खालची दुमड पण काढा, जो नळीसारखा भाग उरला तो सपाट ठेवा. एका बाजूची घडी दुसऱ्या बाजूच्या घडीच्या एक इंच अलीकडे आणा आणि इंच-इंच रुंदीच्या पट्ट्या कापत जा, पण शेवटचा तो एक इंच कापायचा नाही. मग तो न कापलेला भाग हातावर उघडा आणि तिरप्या रेघेत कापा, पहिल्या पट्टीची एक चीर समोरच्या दुसऱ्या पट्टीच्या चिरेला जोडत. सगळा टी-शर्ट एकच लांब फीत होतो. आता ती हातात धरून ओढा, कडा आपोआप आत वळतात आणि गोल दोरी होते. या दोरीच्या वेण्या घालून गळ्यातले, हेअरबँड, बेल्ट, काय वाट्टेल ते करा. प्रिंटवाला भाग नीट वळत नाही, त्याची पुसणी करा.

लेगिंग्स असतील तर पोटरीचे तुकडे कापून स्कूटी चालवताना हातात घालायच्या बाह्या होतात, कापड ताणलं जाते म्हणून इलास्टिक लागत नाही, अंगठ्यासाठी एक चीर द्या. मे महिन्यात मला हेच सगळ्यात जास्त लोकांनी मागितले.

स्क्रंची (केसांना बांधायचं कापडी रबर) तर पाच मिनिटांची. ४ इंच रुंद, २० इंच लांब पट्टी, सुलट बाजू आत ठेवून लांबीला शिवा, उलटवा, सेफ्टीपिनने ७-८ इंचाचं इलास्टिक ओढा, इलास्टिकला घट्ट गाठ, कापडाचं एक टोक दुसऱ्यात खुपसून हाताने बंद. जॉर्जेट, शिफॉनच्या ज्या साड्यांचं काही होत नाही त्यांचं हेच करा, त्यांचे धागे सुटतात म्हणून इतर कुठे वापरता येत नाहीत, इथे सगळ्या कडा आत जातात.

आणि ती शर्टाची बटनपट्टी. शर्टाची बटनं लावा, छातीच्या खालचा भाग पट्टी मधोमध येईल असा ८ बाय ६ इंच कापा, पाठीतून तेवढाच तुकडा कापा, सुलट बाजू आत ठेवून चारही बाजूंनी शिवा, बटनं उघडा आणि त्यातूनच सुलट करा. पाऊच तयार, चेन लावायची कटकट नाही, बाबांच्या शर्टाचा असेल तर मुली जपून वापरतात. शिवायच्या आधी एक बटन उघडं ठेवा, नाहीतर उलटवताना बोट आत घालायला जागा नसते.

धुताना बटव्याचं अस्तर बाहेर ओढा, रिठ्याच्या पाण्यात किंवा साध्या शाम्पूत दोन मिनिटं बुडवा, गोंडे पिळू नका, नुसते दाबा आणि बोटांनी विंचरून सावलीत टांगा. पूर्ण वाळल्यावर आत जुन्या कपड्यांचंच कातरण भरून ठेवा, बटवा चपटा होत नाही.